माळ्यावर गेलेली हार्ड डिस्क: कन्सोल आणि साठवणुकीच्या जागेची पार्श्वभूमी

सोनीच्या प्लेस्टेशन ५ला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राला (कन्सोलला), साधी दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून बघा. तिच्यावर ठेवलेला प्लेस्टेशन ४चा गेम तिथूनच सुरू होतो. प्लेस्टेशन ५चा गेम मात्र तिच्यावर नुसता ठेवता येतो. खेळायचा असेल तर आधी तो कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या, चिपच्या वेगवान साठवणीवर) कॉपी करावा लागतो. माझ्या भाच्याने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ही डिस्क खराब निघाली का?" डिस्क ठणठणीत होती. एकाच वायरीने जोडलेल्या एकाच डिस्कला एका गेमसाठी परवानगी आहे आणि दुसऱ्यासाठी नाही, हे त्याला सांगायला बराच वेळ लागला, कारण त्याची मुळं फार मागे जातात. कन्सोलमध्ये जागा किती द्यायची हे कोणी ठरवायचं आणि ती वाढवायचा हक्क कोणाचा, यावरून पंचवीस वर्षं ओढाताण चालू आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' आणि त्याची 'कॅसेट' मिळायची. त्यातल्या बहुतेक कॅसेटींमध्ये काही जपून ठेवायची सोयच नव्हती. लाईट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. जपानी आणि अमेरिकी बाजारात काही कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी असायची, तिच्या जोरावर खेळ लक्षात राहायचा. मग डिसेंबर १९९४मध्ये जपानात पहिलं प्लेस्टेशन आलं. गेम सीडीवर गेला. सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून मेमरी कार्ड आलं. त्याची जागा १२८ केबी, म्हणजे पंधरा ब्लॉक. घरात दोन भावंडं असली की कोणाचा सेव्ह (जपून ठेवलेली खेळातली प्रगती) उडवायचा यावरून रडारड ठरलेली. प्लेस्टेशन २च्या कार्डात ८ एमबी आले आणि ते भांडण काही वर्षं मिटलं.

हार्ड डिस्क कन्सोलच्या पोटात पहिल्यांदा आली ती मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये, नोव्हेंबर २००१मध्ये. साधारण ८ जीबीची. सेव्ह ठेवायला वेगळं कार्ड घ्यायची गरज संपली, आणि गेमला चालता चालता डीव्हीडीवरचा माल तात्पुरता उतरवून ठेवायला हक्काची जागा मिळाली. पण ही डिस्क त्या त्या यंत्राशी पासवर्डने बांधलेली होती. काढून दुसरी बसवली तर यंत्र ती नाकारायचं. नकलांची भीती हे त्यामागचं कारण, आणि ती भीती खोटी नव्हती. लोकांनी ते कुलूप उघडलं, मोठ्या डिस्का बसवल्या आणि त्यांवर गेमच्या नकला भरल्या.

दुसरी अडचण पैशांची होती, आणि पुढच्या गोष्टी समजायला तीच जास्त महत्त्वाची आहे. चिप तेव्हा दरवर्षी स्वस्त होत जायची. हार्ड डिस्कमध्ये मोटर, धातूचा किंवा काचेचा तबकडा, त्यावरून सरकत डेटा वाचणारा हेड, हे सगळं असतंच. त्याच पैशांत जागा वाढते, पण किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही. कन्सोल पाच-सहा वर्षं विकायचा आणि दरवर्षी स्वस्त करत न्यायचा, हा तेव्हा या धंद्याचा हिशोब होता. त्या हिशोबात हार्ड डिस्क बसत नव्हती. म्हणून २००५च्या एक्सबॉक्स ३६०मध्ये ती सुटी केली गेली. २९९ डॉलरच्या पॅकमध्ये डिस्क नाही, ३९९च्या पॅकमध्ये २० जीबीची. परिणाम असा झाला की गेम बनवणाऱ्यांना डिस्क आहे असं धरून चालता येईना. शिवाय सुटी डिस्क घ्यायची तर मायक्रोसॉफ्टच्याच डब्यातली. २००७मध्ये त्यांची १२० जीबीची डिस्क १८० डॉलरना होती. डब्याच्या आत होती लॅपटॉपला लागते तीच अडीच इंची डिस्क.

सोनीने तेव्हा उलट वाट धरली आणि त्याबद्दल मला आजही त्यांचं कौतुक वाटतं. २००६च्या प्लेस्टेशन ३मध्ये झाकण काढा, स्क्रू सोडवा, बाजारातली कुठलीही अडीच इंची साटा (लॅपटॉपला चालते तशी) डिस्क बसवा. वॉरंटीला धक्का नाही. बाहेरून यूएसबीने लावलेल्या डिस्कवरून मात्र त्यावर गाणी, फोटो, व्हिडिओ एवढंच चालायचं, गेम नाही. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१०मध्ये यूएसबीची दारं किलकिली केली. दोन पेन ड्राइव्ह, प्रत्येकी जास्तीत जास्त १६ जीबी. तुमच्याकडे ५०० जीबीची डिस्क असली तरी त्यातले १६ जीबीच मोजायचे.

बाहेरच्या हार्ड डिस्कवरून पूर्ण गेम चालवायची मोकळीक दिली ती निन्टेन्डोने, नोव्हेंबर २०१२च्या वी यू या कन्सोलमध्ये. ती दिलदारी होती तशी गरजही होती. स्वस्तातल्या वी यूमध्ये अवघे ८ जीबी होते, महागातल्यात ३२. एवढ्यात डाउनलोड केलेले दोन मोठे गेमसुद्धा नीट मावत नसत. म्हणून दोन टीबीपर्यंतची कुठलीही डिस्क लावा, अशी सोय ठेवली. ८ जीबीत हार्ड डिस्कची किंमत वाचवायची आणि तो खर्च ग्राहकाने आपल्या सोयीने करायचा.

इथे एक बारीकशी गोष्ट आडवी आली: वीज. वी यूचे यूएसबी पोर्ट २.० जातीचे. त्या मानकात एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्कची मोटर थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा तिला त्याहून जास्त ओढ लागते. ती मिळाली नाही तर डिस्क फिरते, अडखळते, टक् करते, थांबते, पुन्हा फिरू पाहते. हा 'टक्-टक्' आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही, कारण डिस्क मरते आहे असंच वाटतं. खरं तर ती उपाशी असते. निन्टेन्डोने स्वतःच सांगितलं की ज्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर आहे तीच घ्या. ज्यांच्याकडे छोटी डिस्क होती त्यांनी वाय आकाराची केबल आणली: डिस्ककडे एक टोक, कन्सोलकडे दोन, आणि दोन पोर्टांतून थोडी थोडी वीज. यूएसबी ३.०मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरवर गेली आणि कटकट बरीचशी संपली.

नोव्हेंबर २०१३मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले, दोघांत ५०० जीबीची डिस्क. आधीच्या पिढीच्या मानाने ही चंगळ होती. पण नियमच बदलला होता. ब्ल्यू-रे डिस्कवर ५० जीबी मावत होते, आणि ती वाचायचा वेग नव्या गेमांना पुरत नव्हता. म्हणून दुकानातून विकत आणलेला गेमसुद्धा आधी पूर्ण हार्ड डिस्कवर उतरवणं सक्तीचं झालं. हातातली ब्ल्यू-रे डिस्क ही गेम तुमचा असल्याची पावती झाली. ५००मधले यंत्राच्या वापराचे वजा करून एक्सबॉक्स वनवर सुमारे ३६५ जीबी उरायचे. आठ-दहा मोठे गेम झाले की जागा संपली.

मायक्रोसॉफ्टने आतली डिस्क बदलायची सोय ठेवली नव्हती, त्यामुळे त्यांना लवकर हलावं लागलं. जून २०१४च्या अपडेटने यूएसबी ३.०ची, २५६ जीबी किंवा मोठी, अशा दोन डिस्का एकाच वेळी लावता येऊ लागल्या. त्यांच्यावरून गेम थेट चालायचे, आणि अनेकांना ते आतल्या डिस्कपेक्षा लवकर उघडताना दिसले. डिस्क खिशात घालून मित्राकडे न्यायची, आपल्या अकाउंटने लॉगिन करायचं आणि खेळायचं, हेही जमू लागलं. प्लेस्टेशन ४ची आतली डिस्क बदलता येत होती म्हणून असेल, सोनीने वेळ घेतला. त्यांच्या कन्सोलच्या सॉफ्टवेअरची ४.५० आवृत्ती मार्च २०१७मध्ये आली, तेव्हा २५० जीबी ते ८ टीबीची डिस्क चालू लागली. त्यातही खेळाचे सेव्ह आतच राहायचे, बाहेर जायचे फक्त गेम. डिस्क हरवली तरी प्रगती शाबूत, म्हणून ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

भारतात प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४मध्ये ३९,९९० रुपयांना आला आणि एक्सबॉक्स वन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. त्या काळातलं घरचं ब्रॉडबँड आठवा. ४ एमबीपीएसचं कनेक्शन असलं तर ५० जीबीचा गेम उतरायला सलग अठ्ठावीस तास. महिन्याचा कोटा संपून वेग ५१२ केबीपीएसवर आला तर तोच गेम नऊ दिवस. अशा घरात नव्या गेमला जागा करायला जुना डिलीट करणं म्हणजे महिन्याचा कोटा पाण्यात घालणं. परदेशात एक्स्टर्नल डिस्क ही सोय होती. पुण्या-नाशिकच्या घरात ती बचत होती. अमेरिकेतल्या लेखांमध्ये 'नको असेल तो गेम काढून टाका, पुन्हा डाउनलोड करा' असा सल्ला सर्रास असायचा. तो सल्ला इथे लागूच नव्हता.

गेम फुगत गेले. २०१८मध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' दोन ब्ल्यू-रे डिस्कांवर आला, एक फक्त इन्स्टॉल करायला. 'कॉल ऑफ ड्यूटी'चा २०१९चा भाग अपडेट होत होत २०० जीबीच्या पुढे गेला. यात चित्रं मोठी झाली हे खरंच, पण दुसरं एक कारण हार्ड डिस्कच्या आतच होतं.

५,४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांची असते. हवा तो तुकडा हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याआधी हेडला त्या जागी सरकावं लागतं. सेकंदाला तीस चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. त्यातला अर्धा वेळ एक तुकडा शोधण्यात गेला तर खेळ अडखळणार. म्हणून गेम बनवणारे एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी लिहून ठेवायचे, म्हणजे हेडला लांब धावायला नको. मार्च २०२०मध्ये प्लेस्टेशन ५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी 'स्पायडर-मॅन'चं उदाहरण दिलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या टपालपेट्यांसारख्या वस्तूंचा डेटा हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहिलेला होता. टपालपेटी तीच, नकला चारशे. जागा खायची ती हार्ड डिस्कच्या संथपणाची भरपाई म्हणून.

हे खोड किती खोलवर गेलं होतं ते परवापरवा दिसलं. २०२४च्या 'हेलडायव्हर्स २'ची पीसी आवृत्ती कन्सोलच्या जवळजवळ तिप्पट जागा घ्यायची, कारण कोणीतरी हार्ड डिस्कवरून खेळत असेल म्हणून नकला ठेवलेल्या. २०२५च्या अखेरीस त्या काढल्यावर दीडशे जीबीच्या घरातला गेम २३ जीबीच्या आसपास आला. हार्ड डिस्कवाल्यांना गेम उघडायला त्यामुळे काही सेकंदच जास्त लागले.

नोव्हेंबर २०२०च्या कन्सोलांनी ही भरपाईच बंद केली. सर्नींच्या हिशोबाने प्लेस्टेशन ४ला एक जीबी वाचायला वीसेक सेकंद लागायचे. प्लेस्टेशन ५चा एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचतो. त्या वेगावर बेतलेला गेम सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या डिस्कवरून चालवायचा म्हणजे रस्ता पायाखाली येण्याआधीच पाऊल टाकणं. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एप्रिल २०२१च्या अपडेटपासून प्लेस्टेशन ५चे गेम बाहेरच्या डिस्कवर निदान ठेवता तरी येऊ लागले. त्याआधी तेवढंही नव्हतं.

म्हणजे हार्ड डिस्क माळ्यावर गेली. रोजची भांडी ओट्यावर, दिवाळीची माळ्यावर. लागली की खाली काढायची. ओटा वाढवायचा असेल तर पुन्हा कंपन्यांचे जुने स्वभाव दिसले. सोनीने सप्टेंबर २०२१मध्ये बाजारातला योग्य वेगाचा कुठलाही एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराचा) एसएसडी बसवायची मुभा दिली. मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी आपल्याच आकाराचं कार्ड ठेवलं, एक टीबीला २२० डॉलर, आणि २०२३पर्यंत ते बनवणारी कंपनी एकच होती. २००७चा १८० डॉलरचा डबा ज्यांना आठवत होता त्यांना यात नवं काही वाटलं नाही. जून २०२५मध्ये आलेला निन्टेन्डोचा स्विच २ तर गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड घेतो. आधीच्या स्विचचं साधं कार्ड त्यावर गेमसाठी चालत नाही.

माळ्याचा उपयोग कमी झाला असं मात्र नाही. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेपाच तास घेतो. तोच हार्ड डिस्कवरून आत आणायला सतरा-अठरा मिनिटं. माझ्या भाच्याने शेवटी आपल्या जुन्या प्लेस्टेशन ४ची एक्स्टर्नल डिस्क कपाटातून शोधून काढली. नव्या कन्सोलला लावल्यावर फॉरमॅट करायचा प्रश्नच आला नाही. २०१७पासून जमवलेले त्याचे सगळे गेम एका ओळीत पडद्यावर उभे राहिले, आणि त्यातला पहिला त्याने तिथूनच सुरू केला.