13 दिवस मोठे की 2 आठवडे? सॉर्टला विचारून बघा

डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर. सर्व्हरवर चार-पाच कंटेनर असतात तोवर नुसतं डॉकर पीएस (चालू कंटेनरची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं की भागतं, पण तेच तीस-चाळीस झाले की त्या यादीकडे बघवत नाही. आयडी, इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा), कमांड, कधी बनवला, स्टेटस, पोर्ट, नाव असे सात कॉलम, स्क्रीनवर मावत नाहीत मग एकेक ओळ मोडून खाली येते आणि आपल्याला हवं असतं ते नाव नेमकं शेवटी कुठेतरी लोंबकळत असतं.

यावर औषध म्हणजे फॉरमॅट, हवे तेवढेच कॉलम दाखवायला सांगणारा ऑप्शन. (कमांड फोनवर कलीगला सांगतो तशाच लिहितोय, चालवून घ्या.) डॅश डॅश फॉरमॅट लिहायचं, पुढे अवतरण चिन्हात दोन महिरपी कंस उघडून टिंब, कॉलमचं नाव, आणि दोन कंस बंद. 2013 मधे आलेलं डॉकर गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय, त्यामुळे हे टिंब-कंसाचं प्रकरण पण गोच्या टेम्प्लेटमधूनच (मजकुराच्या साच्यातूनच) आलंय. सुरुवातीला टेबल हा शब्द टाकला तर वर हेडिंग येतं आणि कॉलम एका रेषेत बसतात, दिसायला एकदम छान.

आता ही यादी सॉर्ट करायची, म्हणजे क्रमाने लावायची, तर डॉकर पीएसला सॉर्टचा ऑप्शनच नाहीये! सगळ्यात नवा कंटेनर वर, बस. वेगळा क्रम हवा असेल तर उभी रेघ टाकून आउटपुट सॉर्ट नावाच्या दुसऱ्या कमांडला द्यायचं. बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय या संगणकतज्ज्ञाने 1964 मधेच लिहून ठेवलेलं की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या पाइपसारखे एकमेकांना जोडता यायला पाहिजेत, 1973 मधे ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधे आलं आणि आपण अजून तीच रेघ मारतोय. फक्त इथे टेबल शब्द काढून टाका, नाहीतर सॉर्ट हेडिंगला पण एक ओळच समजतं आणि ते यादीच्या मधेच जाऊन बसतं.

खरी गंमत वेळेची. डॉकर आपल्या सोयीसाठी वेळ गोल करून सांगतं, साधारण तासभर झाला की "अबाउट ॲन अवर", मग 47 तासांपर्यंत तास, त्यानंतर 13 दिवसांपर्यंत दिवस, मग आठवडे. माणसाला लगेच कळतं. पण सॉर्टला आठवडा काय आणि तास काय, त्याला फक्त अक्षरं दिसतात, म्हणून साधं सॉर्ट केलं की क्रम येतो 13 दिवस, 2 आठवडे, 47 तास आणि शेवटी अबाउट. बरं, आकड्याप्रमाणे लाव म्हणून हायफन एन दिलं तर अबाउटला तो शून्य धरतो, मग 2 आठवडे, 13 दिवस, 47 तास, म्हणजे त्याच्या मते 47 तासवाला सगळ्यात म्हातारा!

म्हणून सॉर्टसाठी ही गोल केलेली वेळ दाखवणारा "रनिंग फॉर" नाही, तर बनवल्याची नेमकी तारीख-वेळ देणारा "क्रिएटेड ॲट" हा कॉलम घ्यायचा. तो 2024-03-05 14:20:11 असा येतो, आधी वर्ष मग महिना मग दिवस, मोठं एकक डावीकडे आणि सगळीकडे शून्य भरलेले, त्यामुळे अक्षरांचा क्रम लावला की वेळेचा क्रम आपोआप लागतो. आपण 05-03-2024 लिहितो ना, ते इथे साफ गंडतं, कारण 02-12-2023 हे 15-01-2023 च्या आधी येणार.

इमेजच्या साइजचं पण तेच, आकडे बघून लावलं तर 1.2 जीबी हे 85 एमबीच्या आधी. पण तिथे सोय आहे, हायफन एच दिलं की सॉर्ट आधी के, एम, जी बघतं आणि मगच आकडा. साइज पहिल्या कॉलममधे घ्या म्हणजे जास्तीची खटपट नको.

आवडलेला फॉरमॅट रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर डॉकरच्या कॉन्फिग फाइलमधे "पीएस फॉरमॅट" या नावाने एकदाच ठेवून द्या.

नावाने सॉर्ट करताना ॲप-10 हा ॲप-2 च्या आधी येतो, त्याला उपाय म्हणजे सॉर्टला हायफन मोठा व्ही द्यायचा. आणि कंटेनरला नाव दिलंच नाही तर डॉकर स्वतः ठेवतं, एक विशेषण आणि एक बहुतेक शास्त्रज्ञाचं आडनाव. त्यात आपले रामन, रामानुजन, भाभा, आर्यभट पण आहेत. फक्त बोरिंग वोझनियाक ही जोडी कधीच येणार नाही, कारण ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वोझनियाक बोरिंग नाही असं म्हणत ती कोडमधेच अडवून ठेवलीये.