ताप गेला, तरी अंग का ठणकतं? आणि आम्ही लगेच मालीश का करत नाही?

पावसाळा लागला की आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये रोज हेच विचारलं जातं : "चिकुनगुनियाचा ताप कधीच उतरला, मग मनगटं आणि घोटे अजून का ठणकतात? साधी बादली उचलवत नाही."

विषाणूशी लढताना रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ती पेशींना निरोप पोचवतात, बहुतेकदा आसपासच्याच. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यातली महत्त्वाची. वेदना टिपणाऱ्या नसांची टोकं त्यांच्यामुळे हळवी होतात. शिवाय प्रोस्टाग्लँडिन नावाचं आणखी एक रसायन वाढून हा हळवेपणा आणखी चढतो. मग एरवी जाणवणारही नाही एवढ्या दाबानं कळ येते, पांघरूण घोट्याला लागलं तरी माणूस कळवळतो. तो नाटक करत नाही, घरच्यांनी एवढं कृपया समजून घ्यावं. ताप उतरला तरी सांध्यातली सूज काहींना महिनोन्‌महिने पुरते.

खरा घोटाळा इथे होतो. आमच्याकडे येण्याआधी बरेच जण गरम तेलानं दणकून चोळून घेतात, नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून सांधे 'मोकळे' करून घेतात. सुजलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या सांध्यावर असा जोर पडला की दुखणं भडकतं. दुसऱ्या दिवशी मूठ वळत नाही आणि आमच्या पहिल्या काही सिटिंग ते शांत करण्यातच जातात. वेळ आणि पैसा दोन्ही तुमचेच.

"पहिल्या दिवशी नुसतं तपासलं आणि फी घेतली" असंही कानावर येतं. सांधा किती गरम आहे, मूठ कुठवर वळते, कुठल्या हालचालीला कळ येते, हे पाहिल्याशिवाय व्यायाम ठरवताच येत नाही. सूज असेपर्यंत हलकी हालचाल, ती ओसरली की ताकदीचे व्यायाम. सांधा अजिबात न हलवणंही नको, तो आखडतो.

ताप अजून असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात म्हणून आराम पडतो. पण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मनानं घेऊ नका.

येताना रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. सकाळी सांधे जास्त आखडलेले असतात, म्हणून या पेशंटना आम्ही अकरानंतरची वेळ देतो. आजी-आजोबांना जिना उतरवत नसेल तर आम्ही घरी येतो, फक्त आदल्या दिवशी फोन करा.