तोच पेपर पुन्हा, या वेळी चौघांनी मिळून

पेपर सुटला की वर्गाबाहेर काय सुरू होतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. "तिसऱ्याचं उत्तर काय आलं तुझं?" मग वाद, मग कुणीतरी भिंतीला टेकून वहीवर आकृती काढतं आणि एखाद्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. पण तोवर पेपर गेलेला असतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अनेक विज्ञान विषयांना हा वाद परीक्षेच्या आतच घेतला जातो. आधी प्रत्येकाने एकट्याने पेपर सोडवून द्यायचा. लगेच तिघाचौघांच्या गटाने बहुतेक तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे, उत्तरपत्रिका गटाला एकच. बहुतांश गुण एकट्याच्या पेपरलाच असतात, गटाला साधारण १० ते १५ टक्के. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी तिथे या पद्धतीचा पाठपुरावा केला.

गटाचे गुण वाढतात, यात नवल नाही. हुशार मुलगी सांगते आणि बाकीचे उतरवून घेतात, ही शंका रास्तच आहे. या शंकेचं उत्तर मला सर्वांत जास्त पटलं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या २००९ मधल्या अभ्यासात. तो परीक्षेचा नव्हता, वर्गातल्या प्रश्नांचा होता. आनुवंशिकीच्या तासाला मुलांनी एका प्रश्नाचं उत्तर आधी एकट्याने दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा दिलं. बरोबर उत्तर मात्र त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. नुसती नक्कल केलेला इथे अडकायला हवा होता. प्रत्यक्षात चर्चेनंतर या नव्या प्रश्नाला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांची उत्तरं बरोबर आली. सुरुवातीला ज्या गटांत कोणालाच उत्तर येत नसावं, तिथेही समज वाढल्याचं विश्लेषणातून दिसलं. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवताना त्यातली भोकं आपल्यालाच दिसू लागतात.

हे लक्षात किती टिकतं, यावर मात्र निष्कर्ष जुळत नाहीत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्याच २०१४ मधल्या अभ्यासात काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत गटात सोडवलेले प्रश्न मुलांना जास्त आले. जीवशास्त्राच्या मोठ्या वर्गावरच्या २०१२ च्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. म्हणून मी याला पाठांतराचा उपाय म्हणणार नाही. माझ्या लेखी मोल आहे ते वेळेचं: चूक ताजी असतानाच तिच्यावर बोलणं होतं. तपासलेला पेपर आठवड्यांनी हातात येतो तेव्हा गुणांपलीकडे कोण पाहतं?

साठ मुलांच्या वर्गात चौघाचौघांचे गट केले, तर यासाठी तपासायला वाढतात फक्त पंधरा उत्तरपत्रिका.