तेरा नंबरची इंटरप्ट लाइन कधी काढायची?

इंटेलच्या जुन्या ‘एक्स८७’ सूचनांनी केलेल्या दशांशाच्या गणितात चूक झाली, तर आजचा पीसीचा प्रोसेसर ती आतल्या आत पकडतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला १६ क्रमांकाचा अपवाद, म्हणजे चूक झाल्याचा संकेत, पाठवतो. जुन्या पीसींमध्ये हीच खबर भलत्याच वाटेने यायची. ती वाट सांभाळणारा कोड ऑपरेटिंग सिस्टिममधून कधी काढावा, हा इथला प्रश्न.

इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा सिग्नल. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने इंटरप्टचे पहिले ३२ क्रमांक स्वतःसाठी राखून ठेवले होते. तरीही १९८१ च्या आयबीएम पीसीत १६ वा क्रमांक पडद्यावर अक्षरे उमटवण्याच्या कामाला लावला गेला. पुढे इंटेलने तोच क्रमांक गणिती सहप्रोसेसरच्या, म्हणजे दशांशाचे गणित करणाऱ्या वेगळ्या चिपच्या, चुकांना दिला आणि दोघांची टक्कर झाली. म्हणून १९८४ च्या पीसी एटीमध्ये ८०२८७ या सहप्रोसेसरची तक्रार बाहेरच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या १३ व्या लाइनवर नेण्यात आली. या वाटेत मोठी अडचण होती. तक्रार पोहोचेपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याच प्रोग्रामकडे वळलेला असू शकतो, मग चूक कोणाची हे शोधत बसावे लागते. शिवाय ०एफ० या हेक्स (षोडशमान) क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे हार्डवेअरशी बोलण्याच्या पत्त्यावर, लिहून अडकलेला सिग्नल मोकळा करावा लागतो.

१९८९ मध्ये इंटेलचा ८०४८६ प्रोसेसर आला आणि गणिताचा भाग त्याच चिपमध्ये गेला. थेट अपवाद हवा की जुना वळसा, हे आता एका बिटने ठरू लागले. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोग्रामांसाठी वळसा शिल्लक ठेवला होता.

डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने ८०४८६ च्या आधीच्या ८०३८६ (३८६) प्रोसेसरला निरोप द्यायचे ठरवले आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत तो आधार राहिला नाही. ज्या चिपवर १९९१ मध्ये लिनक्स जन्मले, तीच ही. मग १३ व्या लाइनचा कोडही त्याच दिवशी निरुपयोगी झाला, असे वाटते ना? तसे नाही. सायरिक्स या दुसऱ्या कंपनीची ४८६डीएलसी ही चिप ४८६ च्या सूचना जाणते, पण बसते ३८६ च्या सॉकेटमध्ये, आणि तिचा सहप्रोसेसर बाहेरच असतो. नावात ४८६ असूनही तिच्या चुका जुन्याच वाटेने येतात.

म्हणून चिपचे वय किंवा तिच्यावरचा आकडा हा निकष मला पटत नाही. या कोडपर्यंत सिग्नल पोहोचवू शकणारे एखादे तरी यंत्र ही सिस्टिम अजून स्वीकारते का, एवढेच विचारावे. ‘वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नाही’ हा पुरावा तर फारच कच्चा. चुका हाताळणारा कोड चूक झाल्याशिवाय चालतच नाही. त्याची शांतता तो निरोगी असल्याचेही सांगत नाही आणि निकामी असल्याचेही नाही.

पण ‘राहू द्या, काय बिघडते’ हेही चुकीचेच. आजूबाजूचा इंटरप्टचा कोड बदलणाऱ्या प्रत्येकाला हा कोपरा सांभाळावा लागतो, आणि तो तपासायला खरे यंत्र हाताशी नसते. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चाचणी होते खरी, पण नक्कल करणाऱ्याला जेवढे वर्तन समजले तेवढेच त्यात उतरते. चाचणीविना राहिलेला बचाव गरजेच्या क्षणी दगा देऊ शकतो, आणि त्याच्यावर विसंबलेल्याला ते आधी कळायला मार्ग नसतो.

काढताना मात्र गुपचूप काढू नये. तसे यंत्र सापडले तर सिस्टिमने सुरू होतानाच स्पष्ट संदेश देऊन थांबावे आणि चालणारी शेवटची आवृत्ती कोणती तेही सांगावे. नाहीतर गणितात पहिली चूक होईपर्यंत सगळे ठीक दिसेल, आणि मग न सोडवलेल्या सिग्नलपाशी प्रोग्राम अडकून पडेल.