प्ले स्टोअरबाहेरचं ॲप: शिक्का कोणाचा ते पाहा

कृषी केंद्रातून कपाशीचं बियाणं घेताना विदर्भातला शेतकरी बॅगवरचा टॅग वाचतो, लॉट नंबर बघतो, पक्कं बिल मागतो. बोगस बियाण्यानं हंगाम कसा जातो हे त्यानं पाहिलेलं असतं. पण त्याच हातातल्या फोनवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर आली, की ती नुसतं नाव वाचून उघडली जाते.

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची बांधलेली बॅग. ती बांधणारा तिच्यावर आपल्या गुप्त किल्लीनं डिजिटल सही करतो. सही नसेल तर फोन ॲप घेतच नाही. मात्र अशी किल्ली कोणालाही घरबसल्या तयार करता येते, भामट्यालाही. बॅगवर सही केलेली आहे की नाही, एवढंच फोन बघतो. सही करणारा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. एकदा ॲप बसलं की पुढचं प्रत्येक अपडेट त्याच किल्लीचं असावं लागतं, नाहीतर फोन ते नाकारतो. म्हणजे खरा धोका पहिल्यांदा ॲप बसवताना असतो, कारण ताडून पाहायला फोनकडे जुनं काहीच नसतं. शिवाय फोन ज्या आतल्या नावानं ॲप ओळखतो, ते पॅकेज नाव खोट्या 'पीएम किसान'मध्ये वेगळं ठेवलेलं असतं. त्यामुळे खऱ्या ॲपशी त्याची टक्कर होत नाही, आणि चिन्ह तर हुबेहूब तेच असतं.

मग प्ले स्टोअरबाहेर जायचंच कशाला? काहींना गूगल खातं नको असतं, काहींना जाहिराती आणि पाळत नको असते, काहींना रेंज नसलेल्या भागात चालणारा नकाशा हवा असतो. मेळघाटात फिरणाऱ्याला ही शेवटची गरज लगेच पटेल. अशांसाठी एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालत आलेलं भांडार आहे. तिथं फक्त मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वाचता येतो अशी ॲप्स मिळतात. बहुतेक ॲप्स हे भांडार मूळ कोडवरून स्वतः बांधतं आणि त्यांवर आपली सही करतं. जाहिराती किंवा पाळत यांसारखी खोड असेल तर ती ॲपच्या पानावर लिहिलेली असते. या पद्धतीमुळे अपडेट काही दिवस उशिरा येतं.

आता बसवण्याची रीत. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: एफ-ड्रॉइड डॉट ओआरजी (f-droid.org). शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. फाईल उघडली की फोन परवानगी मागेल. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. ब्राउझरला ती द्या, एफ-ड्रॉइड बसवा आणि लगेच सेटिंगमध्ये जाऊन 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा' या यादीत ब्राउझरची परवानगी बंद करा. यापुढे ती फक्त एफ-ड्रॉइडकडे असू द्या. त्याच यादीत व्हॉट्सॲप आणि फाईल मॅनेजर बंद आहेत ना, तेही बघा. घरातल्या प्रत्येक फोनवर हे दोन मिनिटांचं काम आजच करून टाका.

एफ-ड्रॉइडमध्ये दुसरं भांडार जोडता येतं, पण त्याच्या पत्त्यासोबत त्याच्या किल्लीची ओळख पटवणारा ६४ अक्षरांचा ठसा (फिंगरप्रिंट) येतो. तो त्या भांडाराच्या मूळ पानावरच्या ठशाशी जुळवून घ्या. सुरुवातीची चार अक्षरं पाहून सोडू नका, सगळी ६४ जुळली पाहिजेत.

अडचणी येतात त्या बहुधा दोन. पहिली, 'पॅकेज पार्स करताना अडचण आली'. रेंज तुटून फाईल अर्धवट उतरली असेल किंवा फोनचं अँड्रॉइड त्या ॲपसाठी जुनं असेल तर असं होतं. फाईल पुसून त्याच जागेवरून पुन्हा उतरवा. माणूस वैतागून दुसरी साइट शोधतो आणि नेमका तिथेच फसतो. दुसरी अडचण आधीच्या पॅकेजशी न जुळण्याची. तेच ॲप आधी प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर दोन किल्ल्या जुळत नाहीत. जुनं काढून नवं बसवावं लागतं आणि त्यात ॲपमधला डेटा जातो, म्हणून आधी बॅकअप घ्या.

बँकेची, यूपीआयची आणि सरकारी योजनांची ॲप्स एफ-ड्रॉइडवर नसतात. ती प्ले स्टोअरवरून किंवा त्या बँकेच्या, खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच घ्यायची. दोन हजारांचा हप्ता मिळवून देणारी फाईल व्हॉट्सॲपवर कोणतंही खातं पाठवत नाही.

बसवल्यावर परवानग्या बघा. नकाशाला एसएमएस वाचायचं काही काम नाही. एसएमएस वाचणारं ॲप ओटीपी पुढे पाठवू शकतं, आणि 'ॲक्सेसिबिलिटी' मिळालेलं ॲप पडदा वाचून स्वतःच बटणं दाबू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या अशा ॲपला ही दुसरी परवानगी सहज मिळत नाही. 'मर्यादित सेटिंग'चा अडसर येतो. तो कसा काढायचा हे फोनवरून कोणी समजावून सांगू लागला, तर फोन ठेवून द्या.

खोटी फाईल उघडलीच गेली, तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा. सिम काढून बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागणार नाही. त्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेला खातं गोठवायला सांगा. *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते तपासा. वळवले असतील तर ##००२# नं रद्द करा. नंतर स्मार्टफोन फॅक्टरी रिसेट करायचा आहेच. पण त्याआधी तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, फाईलचं नाव आणि पैसे कापल्याचे एसएमएस यांचे दुसऱ्या फोनवरून फोटो काढून घ्या. बियाणं उगवलं नाही तर रिकामी बॅग आणि बिल घेऊन जातो, तसे सायबर पोलिसांकडे हे फोटो लागतात.