डेफेन्सॉर

डेफेन्सॉर (अर्थ : रक्षणकर्ता, कैवारी) : पदनाम, राजबिरुद आणि थेट फुटबॉल क्लबाचे नाव म्हणून आजही रूढ असलेला लॅटिन शब्द. ३६८ च्या सुमारास रोमन सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन याने बड्या लोकांच्या जुलमापासून सामान्य प्रजेला वाचवण्यासाठी या नावाचे अधिकारी नेमले.

त्या मूळ हेतूशी सर्वांत इमान राखणारे आधुनिक पद म्हणजे स्पेनमधील ‘डेफेन्सॉर देल पुएब्लो’, जनतेचा कैवारी. फ्रँकोची हुकूमशाही संपल्यावर आलेल्या १९७८ च्या राज्यघटनेत ५४ व्या कलमाने ते निर्माण झाले. संसद त्याची पाच वर्षांसाठी निवड करते. सरकारी कारभाराविरुद्ध कोणीही त्याच्याकडे विनाशुल्क दाद मागू शकतो. वकील लागत नाही. प्रशासनाचा निर्णय रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. तो चौकशी करतो, शिफारस करतो, संसदेला अहवाल देतो. मात्र एखादा कायदा घटनाबाह्य वाटला तर तो घटनात्मक न्यायालयात त्याला आव्हान देऊ शकतो, आणि पदाचे खरे बळ यातच आहे. पुढे कोलंबिया (१९९१), पेरू (१९९३) आणि अर्जेंटिना (१९९४) यांच्या घटनांतही या पदाला स्थान मिळाले. ब्राझीलमधील पोर्तुगीज ‘डेफेन्सॉर पुब्लिको’ वेगळा : तो गरिबांचा खटला मोफत लढवणारा सरकारी वकील.

‘फिदेई डेफेन्सॉर’ (धर्मरक्षक) हे इंग्लंडच्या राजाचे बिरुद. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथाबद्दल पोप दहावा लिओ याने १५२१ मध्ये ते आठव्या हेन्रीला दिले. हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर पोपने ते काढून घेतले, पण १५४४ मध्ये पार्लमेंटने ते राजमुकुटाला जोडले. ब्रिटिश नाण्यांवर त्याची आद्याक्षरे अजून दिसतात. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये आपल्या राजबिरुदावलीतून ते वगळले.

कॅथलिक चर्चच्या न्यायालयांत विवाह रद्दबातल ठरवण्याच्या दाव्यात विवाहबंधनाची बाजू मांडणारा ‘डेफेन्सॉर विंकुली’ असतो. १७४१ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याने हे पद सुरू केले.

उरुग्वेत मात्र हा शब्द उच्चारला की जांभळा पोशाख आठवतो. माँतेव्हिदेओचा डेफेन्सॉर हा क्लब १९१३ मध्ये स्थापन झाला. व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्यापासून पेन्यारोल आणि नासिओनाल या दोनच क्लबांकडे जाणारे विजेतेपद त्याने १९७६ मध्ये प्रथमच हिसकावून घेतले. विजयफेरी नेहमीच्या उलट दिशेने काढली. देशात तेव्हा हुकूमशाही होती; त्यामुळे ही उलटी फेरी तिच्याविरुद्धच्या निषेधाची खूण मानली जाते. १९८९ मध्ये दुसऱ्या एका क्लबाशी विलीन झाल्यावर त्याचे नाव डेफेन्सॉर स्पोर्टिंग झाले.