हायकूत गंमत चालते का?

सोलापुरातल्या कवितेच्या ग्रुपांवर हायकूबद्दल, म्हणजे तीन ओळींच्या जपानी वळणाच्या छोट्या कवितेबद्दल, एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘हायकू फक्त निसर्गावर आणि गंभीरच असावा, घरगुती गमतीजमती लिहिल्या तर तो हायकू नव्हे.’

असं वाटणं साहजिक आहे. आपल्या वाचनात येतात ते हायकू बहुतेक पाऊस, पान, पाखरू यांचेच. पण मूळ पाहा. हायकू जन्मला तो जपानमधल्या हाइकाई या साखळी-काव्यातून, आणि ते काव्य मुळातच खेळकर होतं. पुढे 18व्या शतकात माणसांच्या खोड्यांवरच्या तीन ओळींचा ‘सेन्र्यू’ हा जुळा प्रकारही रुजला. त्याचा साचा हायकूचाच, ओळींत अनुक्रमे 5-7-5 अक्षरं. हायकूतली ऋतूची खूण मात्र त्यात सक्तीची नाही.

खात्री करायची तर जुन्या जपानी हायकूंचा कुठलाही चांगला अनुवाद उघडा. 17व्या शतकातल्या एका थोर हायकूत पिसवा, उवा आणि उशाशी मुतणारा घोडा आहे! याहून रोजचं काय असतं?

आता मधल्या सुट्टीतला हा हायकू अक्षरं मोजत वाचा:

शेंगाचटणी
डबा उघडताच
बाक भरला

ओळी तीन, आणि व्यंगचित्रपट्टीसारख्या चौकटीही तीन: चटणी, झाकण, गर्दी. कोण आलं, किती जण आले, हे लिहिलेलं नाही. ते वाचणारा भरतो. हायकूची खरी कसोटी मला इथेच दिसते. तेव्हा वहीतले गमतीचे हायकू खुशाल ग्रुपवर टाका.